शेवटच्या बाकासाठी चढाओढ

आमच्या चर्चमधला शेवटचा बाक डुगडुगतो. मध्यंतरी एक दिवस तो डुगडुगायचा थांबला होता आणि त्या सुमारास मंडळीची, पाळकसाहेबांची आणि मुख्यतः माझी जी काही अब्रू गेली, तिचा हा वृत्तांत.

त्या बाकाचा एक पाय बोटभर आखूड आहे. इतरांच्या लेखी हे सुताराचं पाप. माझ्या लेखी ही थेट वरून आलेली कृपा. कारण माझा धाकटा. त्याला अजून एकही दात नाही, पण मतं बत्तीस आहेत. तो पाळण्यात झोपत नाही, मांडीवर झोपत नाही, आणि खांद्यावर तर केवळ माझा चष्मा ओढता यावा म्हणून चढतो. बाबागाडीत झोपेल, पण तिचं एक चाक असं किंचाळतं की ती चर्चच्या दाराबाहेरच उभी करावी, असा तिला वेगळा हुकूम आहे. त्या बाकावर मात्र त्याला दुपट्यात गुंडाळून आडवा ठेवला, एक हात त्याच्या पोटावर ठेवला आणि टाचेने हळूच रेटा दिला, की बाक टुक-टुक, टुक-टुक करत झुलतो आणि दुसरं गीत संपायच्या आत महाराजांचे डोळे मिटतात.

मग उरलेला वेळ मी माणूस असते. बाकीच्या आठवड्यात माझ्या कानावर येणारी वाक्यं एक तर 'आई, झाली' अशी असतात, नाहीतर अर्धवट. चर्चमध्ये एक मोठा माणूस समोर उभा राहून सबंध वाक्यं बोलतो आणि मी ती पूर्णविरामापर्यंत ऐकते. मला कॉलेजात तत्त्वज्ञानात पहिला वर्ग होता, हे मला आठवड्यातून तेवढ्याच वेळात आठवतं. तेव्हा, वाचकहो, तो बाक म्हणजे नुसतं लाकूड नव्हतं.

आमचे पाळकसाहेब नवे आहेत, तरुण आहेत, आणि लोक आपलं ऐकतात पण करत काहीच नाहीत, अशी त्यांना खंत होती. ती खंत त्या रविवारी कायमची मिटली.

त्या दिवशी त्यांनी बायबलमधला मेजवानीचा दाखला घेतला. बोलावणं आलं म्हणून वरच्या जागेवर जाऊन ठाण मांडू नका, खालच्या जागेवर बसा, असं सांगितलं. मग ते बोलण्याकडे वळले. म्हणाले, "आपल्या बोलण्यात चवीपुरतं मीठ असावं. आपण ते जखमेवर चोळायला वापरतो." आणि शेवटी जाहीर केलं, की हा महिना आपली मंडळी नम्रतेचा आणि गोड बोलण्याचा सराव करील. नुसतं ऐकायचं नाही, करायचं.

मी झुलत्या बाकावरून मान डोलावली. मनात म्हटलं, ऐका, पुढच्या बाकांनो, ऐका. आम्ही तर कधीचे शेवटी बसतोय. नम्रतेच्या बाबतीत आपण मंडळीच्या निदान एक वर्ष पुढे आहोत, या विचाराने मला इतकं समाधान वाटलं, की तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

पुढच्या रविवारी धाकट्याला कडेवर, मोठीला बोटाशी आणि सासूबाईंना मागे घेऊन मी आत शिरले आणि जागच्या जागी थांबले. शेवटचा बाक भरलेला होता.

नुसता भरलेला नव्हता, ठासलेला होता. एका टोकाला मास्तर, म्हणजे आमचे निवृत्त हेडमास्तर आणि मंडळीचे सेक्रेटरी. मधे लाकूडवाले, ज्यांची वखार आहे आणि ज्यांचा देह पाहून ती वखार त्यांनी घरी आणली असावी असं वाटतं. आणि दुसऱ्या टोकाला, आखूड पायाच्या बाजूला, माझ्या अगदी माझ्या जागेवर, दातांच्या बाई.

दातांच्या बाई म्हणजे आमच्या दंतवैद्य डॉक्टरांच्या पत्नी. त्या पहिल्या बाकावर बसायच्या. मला कळायला लागल्यापासून, म्हणजे मी या घरात सून म्हणून आले तेव्हापासून, त्यांची पाठ पाहूनच उपासना सुरू झाली की नाही ते आम्हाला कळायचं. त्या कधी मागे वळून पाहत नसत. त्या शिष्ट आहेत असं आमचं सर्वांचं मत होतं. त्या आता गुडघ्यांवर हात जोडून, घडी घातलेल्या रुमालासारखा चेहरा करून शेवटी बसल्या होत्या. आणि सगळ्यांत पुढचे पाच बाक मोकळे. एवढी नम्र मंडळी की पाळकसाहेबांच्या समोर चिटपाखरू नाही.

मी बाकाशी जाऊन उभी राहिले. सरळ सांगायचं, की बाई, मला ही जागा लागते. पण महिना नम्रतेचा. आपली गरज सांगणं म्हणजे नम्रता की आगाऊपणा, हे पाळकसाहेबांनी स्पष्ट केलं नव्हतं. म्हणून मी गोड बोलले.

"वा, आज तुम्ही मागे? किती छान."

"हो गं," त्या म्हणाल्या. "आपण कोण पुढे बसणारे?"

"नाही नाही, तुम्ही तर पुढेच शोभता."

"छे. तू जा पुढे. लेकुरवाळीला मान हवा."

"मला कसला मान? मी आपली शेवटी बरी."

"शेवटी तर आम्ही आहोत," मास्तर टोकावरून म्हणाले. इतक्या कोमल आवाजात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

लाकूडवाल्यांनी नम्रपणे डोळे मिटून घेतले होते, आणि ते का मिटले होते याचा उलगडा थोड्या वेळाने घोरण्यातून झाला.

आणि अशा तऱ्हेने मला मान मिळाला. आम्ही पहिल्या बाकावर बसलो, थेट पाळकसाहेबांच्या नाकाखाली. पहिला बाक डुगडुगत नाही. तो एखाद्या तत्त्वासारखा ठाम आहे. धाकट्याने त्यावर पाठ टेकवली, मी टाचेने रेटा दिला, काही हललं नाही, आणि त्याने असा सूर लावला की ऑर्गन वाजवणाऱ्या आत्यांनी दचकून एक पट्टी वर चढवली. मोठीने त्या गोंधळात पाळकसाहेबांच्या झग्याखाली काय आहे ते वाकून पाहिलं आणि मला मोठ्याने कळवलं, "आई, त्यांना पण पाय आहेत."

घरी आल्यावर सल्ल्यांना सुरुवात झाली.

वरच्या मजल्यावरच्या नर्सताई म्हणाल्या, "सरळ सांग की. उठा, मला बसायचंय. आम्ही वॉर्डात असंच सांगतो."

"वॉर्डात माणसं आजारी असतात, ताई."

"चर्चमध्ये काय धडधाकट येतात?" त्या म्हणाल्या.

सासूबाईंचं मत वेगळं. "सांगायचं कशाला? आधी जाऊन बसायचं. जो पहिला तो शेवटचा, असं लिहिलेलंच आहे."

"आई, ते या अर्थाने नाही लिहिलेलं."

"तू शिकलेली. मला आपलं जे समजलं ते."

नवरा विम्याच्या कचेरीत आहे. जगातला कुठलाही प्रश्न अर्ज केल्याने सुटतो, आणि सुटला नाही तर अर्ज चुकला, अशी त्याची श्रद्धा आहे. तो म्हणाला, "अगं, मास्तरांकडे रीतसर अर्ज दे. लहान मुलांच्या आयांसाठी राखीव जागा."

मी मास्तरांकडे गेले. मास्तरांनी अर्ज दोनदा वाचला, त्यातला एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि खेदाने म्हणाले, "हा विषय बैठकव्यवस्था उपसमितीकडे जाईल."

"मग द्या ना उपसमितीकडे."

"ती अजून नेमलेली नाही. अध्यक्ष व्हायला कोणी तयार नाही. एरवी तिघं भांडतात. या महिन्यात तिघंही म्हणतात, मी कोण अध्यक्ष होणारा."

"मग तुम्हीच व्हा, मास्तर."

"मी?" मास्तरांनी छातीवर हात ठेवला. "मी तर आपला एक साधा सेक्रेटरी."

या सगळ्यात मला खरी काळजी वेगळीच लागली होती. माझी मोठी म्हणजे घरात लावलेला आरसा आहे. आरसा निदान बोलत नाही. मी फोनवर कपाळाला हात लावला की ती लावते. मी दूधवाल्याला 'आलात, उपकार झाले' म्हटलं की दुसऱ्या दिवशी ती त्याला दारातच तसं म्हणते, माझ्याच सुरात, भुवईसकट. नम्रतेच्या महिन्याचं मी मनापासून स्वागत केलं होतं, ते खरं तर तिच्यासाठी. म्हटलं, आईच्या तोंडी गोड भाषा आली तर पोरीच्या तोंडी येईल. ती आली. पण जशी यायला हवी होती तशी नाही आली.

मंगळवारी मी तिला आंघोळीला हाक मारली. ती दारात उभी राहून, हात जोडून म्हणाली, "आधी तुम्ही, आई. मी आपली शेवटी."

मला ती जन्मापासून 'तू' म्हणते.

बुधवारी तिने पालेभाजीची वाटी आजीकडे सरकवली. "तुम्हीच घ्या. मी कोण खाणारी?" गुरुवारी खेळणी उचलायला सांगितलं तर म्हणाली, "तुमच्यासारखं छान मला कुठे येतंय?" नवरा हसून लोटपोट झाला. मला हसू येईना. कारण तो सूर कुठला होता ते मला ओळखू येत होतं. बाकाशी उभी राहून मी ज्या सुरात 'तुम्ही तर पुढेच शोभता' म्हटलं होतं, तोच तो सूर. वर साखर आणि आत 'उठ माझ्या जागेवरून'. पोरीने नेमका आतला भाग उचलला होता.

त्यानंतरच्या रविवारी मी सासूबाईंचा सल्ला मानला. चर्च उघडायच्या आधीच आम्ही पायऱ्यांशी हजर. आणि पायऱ्यांवर दातांच्या बाई उभ्या.

शिपायाने दार उघडलं. आम्ही दोघी एकदमच पुढे झालो, एकदमच थांबलो.

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हटलं.

"नाही गं, तू हो."

"मोठ्यांच्या आधी? छे."

"बाळाला घेऊन उभी आहेस. आधी तू."

"तुमचे गुडघे दुखतात. तुम्ही आधी."

आता खरं सांगायचं तर मला आत जायचंच होतं. कदाचित त्यांनाही. पण 'बरं, जाते' असं म्हणणारी पहिली हरणार होती. मागून माणसं येत गेली आणि आमच्यामागे अदबीने थांबत गेली. ऑर्गनवाल्या आत्या म्हणाल्या, "मला वाजवायचंय, पण असू दे, तुमचं होऊ दे." मास्तर छत्री काखेत धरून सर्वांत मागे सरकले, तेव्हा आणखी दोघं त्यांच्याही मागे गेले, म्हणून मास्तर पुन्हा त्यांच्या मागे. रांग अशी उलटी उलटी सरकत फाटकाबाहेर फुटपाथवर गेली. रस्त्याने जाणारा एक गृहस्थ 'इथे काय मिळतंय' असं विचारून रांगेत उभा राहिला. आत पाळकसाहेब एकटेच, रिकाम्या बाकांसमोर, आपल्या पहिल्या यशाकडे उघड्या दारातून पाहत होते.

शेवटी सासूबाईंनी मला मागून चिमटा काढला आणि मी उडी मारल्यासारखी आत गेले. तरी उपयोग झाला नाही. बाजूच्या दाराने येऊन लाकूडवाले शेवटच्या बाकावर आधीच झोपले होते. बसले नव्हते, झोपले होते.

तो रविवार मी धाकट्याला घेऊन ओसरीत, बाबागाडी ढकलत काढला. चाक किंचाळत होतं. आतून अर्धी वाक्यं ऐकू येत होती. 'जो स्वतःला...' किंचाळी. 'तोच खरा...' किंचाळी. खरा कोण ते मला अजून कळलेलं नाही.

त्या आठवड्यात माझा धीर सुटला. घरात मी कुणाशी तिखट बोलत नव्हते, पण भांडी फार मोठ्याने ठेवत होते. सासूबाईंनी ते पाहिलं. त्या शनिवारी लाकूडवाल्यांच्या घरी जाऊन आल्या. काय बोलणं झालं मला माहीत नाही. पण रविवारी लाकूडवाले ताठ, जागे, तिसऱ्या बाकावर बसलेले होते आणि सासूबाईंकडे पाहायचं टाळत होते. दातांच्या बाई त्यांच्या पलीकडे. मास्तरांना कुणीतरी दाराशी बोलण्यात गुंतवलं होतं. ते कुणीतरी म्हणजे माझा नवरा, अर्जाबद्दल विचारणा करत होता.

शेवटचा बाक रिकामा.

मला भरून आलं. मी माझ्या जागेवर बसले, धाकट्याला दुपट्यात गुंडाळलं, हात पोटावर ठेवला, टाच टेकवली आणि रेटा दिला.

बाक हलला नाही.

मी जोरात रेटा दिला. माझी टाच दुखली. मी खाली वाकून पाहिलं. आखूड पायाच्या तळाशी एक पांढरीशुभ्र, गुळगुळीत टोपी बसवलेली होती. इतकी नेटकी, की जणू बाकाला नवीन दाढ आली आहे.

धाकट्याला फसवणूक लगेच कळते. त्याने श्वास आत घेतला. तो बाहेर यायला थोडा वेळ लागतो, आणि तो वेळ फार भयानक असतो. मग सूर लागला. मंडळी गीत गात होती, त्या आधाराने मी सासूबाईंच्या कानाशी लागून म्हटलं, म्हणजे माझ्या मते कानाशी लागून म्हटलं, "ज्याने कुणी हा बाक दुरुस्त केलाय त्याचं डोकं ठिकाणावर आहे का? नको तिथे नाक खुपसायला कुणी सांगितलं होतं?"

गीत नेमकं 'कुणी हा बाक'पाशी संपलं. उरलेलं सगळं वाक्य भर शांततेत, स्वच्छ उच्चारांत, माझ्या कॉलेजातल्या वक्तृत्वस्पर्धेच्या तोलाने चर्चभर गेलं. एवढ्याने भागलं असतं. पण पुढच्या काही लोकांना ऐकू आलं नसेल अशी शंका येऊन माझी मोठी बाकावर उभी राहिली आणि कंबरेवर हात ठेवून, भुवईसकट, म्हणाली, "आई विचारतेय, डोकं ठिकाणावर आहे का?"

पाळकसाहेबांच्या हातातलं पुस्तक मिटलं.

तिसऱ्या बाकावर दातांच्या बाई सावकाश उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मागे वळून पाहिलं. त्यांचा चेहरा घडी मोडलेल्या रुमालासारखा झाला होता.

"मी केलं ते," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मी त्या जागेवर बसले तेव्हा बाक हलत होता. मला वाटलं, हिचं बाळ पडायचं एखाद्या दिवशी. म्हणून काल दुपारी येऊन बसवलं. दवाखान्यात दातांचे साचे करतात ना, ते प्लास्टर. कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. नम्रतेचा महिना म्हणून."

दुखऱ्या गुडघ्यांवर बसून, एकट्या, रिकाम्या चर्चमध्ये, माझ्या बाळासाठी त्यांनी बाकाची दाढ भरली होती.

जमीन दुभंगावी अशी इच्छा लोकांना होते असं ऐकलं होतं. मला झाली. पण जमीन कुणाच्या सोयीने दुभंगत नाही, आणि माझ्या शेजारी बाकावर उभी राहून माझा आरसा माझ्या तोंडाकडे पाहत होता. आता आई काय करते, ते बघायला. भुवई अजून वरच होती.

मी उठले. महिनाभर जमवलेली गोड वाक्यं आठवून पाहिली. त्यातलं एकही कामाचं नव्हतं.

"बाई, माझं चुकलं," मी म्हटलं. "मी घाणेरडं बोलले. आणि हा बाक मला हवा होता. पहिल्या दिवसापासून हवा होता. हा हलला तरच माझं बाळ झोपतं, आणि ते झोपलं तरच मला इथे काही ऐकू येतं. एवढंच होतं. ते मी नीट सांगितलं नाही."

"अगं मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बसला होतात."

"मी कशाला बसले होते तुला माहीत आहे का?" त्यांचा आवाज जरा ओला झाला. "पुढच्या बाकावरून एक पाळकसाहेब सोडले तर काही दिसत नाही. मुलंबाळं सगळी मागे. आमची दोन्ही दूर गेली, घरात किती दिवस बाळ रडलेलं ऐकलं नाही. मागे वळून बघावं तर लोक म्हणतील, लक्ष नाही हिचं. उठून मागे यावं तर विचारतील, का बुवा. म्हटलं, नम्रतेच्या निमित्ताने मागे जाऊन बसावं, तुझ्या शेजारी. तर तूच पुढे निघून गेलीस."

"तुम्हीच म्हणालात, लेकुरवाळीला मान हवा."

"मग काय म्हणणार? आणि तू म्हणालीस, तुम्ही पुढेच शोभता."

चर्चमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. ते पाळकसाहेब होते.

त्यानंतर जे झालं त्याला उपासना म्हणावं की नाही, यावर मास्तरांचं आणि पाळकसाहेबांचं अजून एकमत नाही. मास्तर उठून म्हणाले, चूक माझी, मी अर्ज अडवला. ऑर्गनवाल्या आत्या म्हणाल्या, चूक माझी, मी गीताचं शेवटचं कडवं गाळलं. लाकूडवाले म्हणाले, चूक माझी, पण ती काय हे त्यांना आठवेना. जो तो आपली चूक दुसऱ्याच्या आधी पुढे काढत होता. चूक कबूल करण्यासाठी अशी झुंबड पाळकसाहेबांनी कुठल्याच पुस्तकात वाचली नसावी. ते हात वर करून म्हणाले, "ऐका, आधी बाक बघू."

मग ते झगा सावरून स्वतःच गुडघ्यांवर बसले आणि त्या पांढऱ्या टोपीला हाताने ओढू लागले. ती निघेना. लाकूडवाल्यांनी पाय ठोकून पाहिला आणि लाकूड चांगलं असल्याचा निर्वाळा दिला, ज्याची कुणी मागणी केली नव्हती. शेवटी डॉक्टर पुढे आले. हा माणूस जन्मभर लोकांना तोंड उघडायला सांगतो आणि स्वतः कधी उघडत नाही. त्यांनी बाक उलटा करायला सांगितला, चष्मा वर केला, पाय पाहिला, बायकोकडे पाहिलं.

"काम चांगलं केलंयस," ते म्हणाले. "भरणं सोपं. काढणं अवघड."

"दुखेल का त्याला?" मोठीने विचारलं.

"थोडंसं," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. "तू हात धर."

तिने बाकाचा दुसरा पाय घट्ट धरला. डॉक्टरांनी मास्तरांच्या छत्रीचं टोक आणि चर्चची हातोडी एवढ्या दोन हत्यारांवर ती टोपी अशी अलगद उपटली की टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणं बरोबर की नाही, हे मास्तरांनी नंतर विचारात घेतलं.

बाक सरळ केला. दातांच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात पुढे केले. मी धाकटा त्यांच्या हाती दिला. त्यांनी त्याला आडवा ठेवला, पोटावर हात ठेवला, टाच टेकवली. टुक-टुक. टुक-टुक. त्याने त्यांच्याकडे संशयाने पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, ओठ काढला, परत आत घेतला आणि झोपला. तोल राहावा म्हणून लाकूडवाल्यांना दुसऱ्या टोकाला बसवलं होतं. ते त्याच्या आधी झोपले.

तेव्हापासून तशीच व्यवस्था आहे. उपसमिती नेमावी लागली नाही. शेवटच्या बाकावर दातांच्या बाई, धाकटा आणि वजनासाठी लाकूडवाले. मी त्यांच्या पुढच्याच बाकावर बसते, पाठीशी ते टुक-टुक ऐकू येतं, आणि समोर सबंध वाक्यं.

त्या दिवशी घरी जेवायला बसलो तेव्हा मात्र माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मोठीच्या पानात भाजी वाढली आणि मी वाट पाहत राहिले, की आता ही हात जोडणार. 'तुम्हीच घ्या, मी कोण खाणारी.' किंवा कंबरेवर हात ठेवून 'डोकं ठिकाणावर आहे का'. दोन्ही तिने माझ्याकडूनच घेतलं होतं, आणि दोन्हींपैकी कुठलं जास्त वाईट हे मला ठरवता येत नव्हतं.

तिने एक घास घेतला. चावला. माझ्याकडे पाहिलं. भुवई जागेवर होती.

"आई," ती म्हणाली, "भाजी छान झालीय. पण तू मीठ घालायला विसरलीस. देऊ का मी आणून?"

मी चाखून पाहिली. कणभरही मीठ नव्हतं. सासूबाई आणि नवरा, दोघंही अर्धं ताट नम्रपणे संपवून बसले होते.